अण्णांचा झोपेत श्वास अडतो, डॉक्टर सीपॅप लावा म्हणतात. कुणी वापरतं का?

शेळगीची_लेक

नमस्कार. आमचे अण्णा ५६ वर्षांचे. सोलापूरच्या एमआयडीसीतून चादरी-टॉवेलचा माल भरून पुणे, भिवंडीला ट्रक नेतात. त्यांचं घोरणं घरात सगळ्यांच्या सवयीचं. पण हल्ली घोरता घोरता एकदम गप होतात. पोट-छाती हलत असते, श्वास मात्र येत नाही. मग गुदमरल्यासारखा मोठा आवाज करून कूस बदलतात. आई उशाशी बसून रात्र काढते. सकाळी डोकं जड, दुपारी जेवता जेवता डुलकी. दोन गोळ्या चालू असूनही बीपी वरच. रात्री सारखं लघवीला उठतात म्हणून शुगर बघितली, ती नॉर्मल.

छातीच्या डॉक्टरांनी झोपेची तपासणी करून घेतली. तासाला ४२ वेळा श्वास अडतो आणि ऑक्सिजन ७४ टक्क्यांपर्यंत उतरतो असं रिपोर्टात आहे. म्हणून झोपताना सीपॅप, म्हणजे नळी आणि मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, लावायला सांगितलंय. अण्णा म्हणतात, "घोरतोय म्हणजे गाढ झोपतोय. नळी लावायला मी काय आयसीयूत आहे?"

हे मशीन जन्मभर लावायचं का? ऑपरेशन करून मोकळं होता येत नाही? उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर झोपतो, तिथं कसं करायचं? आणि आई विचारतेय, शांत झोप लागावी म्हणून झोपेची गोळी दिली तर?

विज्ञानाचे_मास्तर

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो आजच्या रात्रीचा आहे. झोपेची गोळी घरच्या घरी बिलकुल देऊ नका. दारूही नको. दोन्हींनी घशाचे स्नायू आणखी सैल पडतात आणि बिघडतंय ते नेमकं तिथंच.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवलं आणि गेली काही वर्षं स्वतः सीपॅप लावून झोपतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. जागेपणी घशाची नळी स्नायूंनी ताणून उघडी धरलेली असते. झोपेत ते ढिले पडतात. जीभ मागे सरकते, टाळूचा मऊ भाग आणि पडजीभ खाली येते. वाट अरुंद झाली की घोरणं, पूर्ण बंद झाली की श्वास थांबला. छाती ओढत राहते, हवा येत नाही, रक्तातला ऑक्सिजन उतरतो. मग मेंदू क्षणभर जाग आणतो, घसा उघडतो आणि तो मोठा आवाज येतो. अण्णांना ही जाग आठवत नाही, म्हणून त्यांना वाटतं रात्रभर झोपलो. दहा सेकंद किंवा जास्त वेळ हवा अडली की एक अडथळा मोजतात. तासाला पाचपर्यंत ठीक, तीसच्या वर तीव्र. ४२ म्हणजे दर दीड मिनिटाला एकदा! याला गाढ झोप कसं म्हणायचं?

बीपी गोळ्यांना जुमानत नाही तेही यामुळे असू शकतं, कारण दर वेळी जाग आली की शरीर घाबरल्यासारखं रक्तदाब चढवतं. लघवीचंही तसंच. बंद घशावर छाती जोर लावते तेव्हा हृदयावर ताण येतो आणि हृदय लघवी वाढवणारं संप्रेरक सोडतं. अनेकांचं रात्रीचं उठणं मशीनने कमी होतं.

आता ऑपरेशन. टॉन्सिल खूप मोठे असतील, विशेषतः लहान मुलांत, तर त्याचा चांगला उपयोग होतो. नाकाचं वाकडं हाड सरळ केलं तर मास्क सोसायला सोपा जातो, पण तेवढ्याने आजार सहसा जात नाही. खालचा जबडा पुढे धरणारी पट्टी दाताचे डॉक्टर बनवून देतात, ती मुख्यतः सौम्य-मध्यम आजाराला. पाठीवर न झोपता कुशीवर झोपल्याने काहींना फरक पडतो. वजन मात्र खरंच उतरवा, साधारण दहा टक्के घटलं तर अडथळे पाव भागाने कमी होऊ शकतात. लठ्ठपणासोबत मध्यम किंवा तीव्र आजार असलेल्यांसाठी अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये टिर्झेपटाइड या इंजेक्शनला मान्यता मिळाली. ते अण्णांना लागू आहे का, हे डॉक्टरच ठरवतील.

४२ आकड्याला पहिला उपाय सीपॅपच. त्यात ऑक्सिजन सिलिंडर नसतो, औषध नसतं. खोलीतलीच हवा ठरावीक दाबाने नाकातून आत जाते आणि तो दाब घशाच्या भिंती मिटू देत नाही. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये हा उपाय मांडला. त्याआधी फार तीव्र रुग्णाच्या गळ्याला भोक पाडावं लागे. अण्णांना हे जरूर सांगा. मशीन लावलं तोवर घसा उघडा, काढलं की पुन्हा तेच, म्हणून बहुतेकांना ते कायम लागतं. वजन बरंच उतरलं तर पुन्हा तपासणी करून ठरवता येतं.

आणि ताई, हात जोडून सांगतो, उपचार बसेपर्यंत त्यांना रात्रीची गाडी देऊ नका. पुण्याच्या वाटेवरचा मोहोळ ते टेंभुर्णी तो सरळ रस्ता पहाटे तीन-चारला कसा असतो ते त्यांना ठाऊक आहे. स्टिअरिंगवर डोळा लागायला दोन सेकंद पुरतात. मालकांशी बोला, दिवसाची जवळची भाडी मागा. पैसे कमी मिळतील, मिळू देत.

रात्रपाळीची_सिस्टर

मास्तरांनी छान लिहिलंय. माझं सगळं बोलणं मास्कबद्दल, कारण मशीन कपाटात जातं ते मास्कमुळे. घ्यायच्या आधी आडवं झोपून, दाब चालू ठेवून मास्क लावून बघा. बसून नीट वाटणारा मास्क झोपल्यावर हवा सोडतो. पट्टा करकचून आवळू नका. पहिले काही दिवस संध्याकाळी टीव्ही बघताना लावून बसवा, दाब हळूहळू चढवायची सोय बहुतेक मशीनमध्ये असते. नाक कोरडं पडलं तर ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारं पाण्याचं भांडं) लावा आणि त्यात डिस्टिल्ड वॉटरच घाला. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने भांड्यात पांढरा थर धरतो.

गच्चीवर एक्स्टेन्शन बोर्ड नेला की झालं, फक्त मशीन धुळीपासून जपा आणि फिल्टर वेळेवर बदला. लाइट जाते तिथं इन्व्हर्टर हवा. ट्रकच्या केबिनमध्ये झोपायचं असेल तर १२ किंवा २४ व्होल्टच्या बॅटरीवर चालवायचा कन्व्हर्टर मिळतो, तुमच्या मॉडेलचाच घ्या.

शेळगीची_लेक

दोघांचे खूप आभार. आईला वाचून दाखवलं. गळ्याला भोक पाडायचे हे ऐकून अण्णा गप्प झाले. मालकांनी महिनाभर पंढरपूर-बार्शीचीच भाडी द्यायचं कबूल केलंय. आता अण्णांची एकच अट आहे, मिशी काढणार नाही. त्यांची मिशी भरदार आहे ओ, मास्क बसेल का?

रात्रपाळीची_सिस्टर

मिशी राहू द्या. नाकावर बसणाऱ्या मास्कमधून मिशीखालून हवा सुटते, हे खरं. पण नाकपुड्यांच्या तोंडाशीच टेकणाऱ्या मऊ रबरी बोंडांचा मास्क येतो, त्याला मिशी फारशी आड येत नाही. अण्णा तोंड उघडं टाकून झोपतात का ते आईंना विचारा. तसं असेल तर हवा तोंडातून निघून जाते, मग हनुवटीचा पट्टा किंवा नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क लागेल. दुकानदाराला दोन्ही आणायला सांगा आणि अण्णांना आडवं करून लावून बघा.