'कृतज्ञता निवडा' हे मराठी वाटतं का?

बोरू: दीर्घ आजारातल्या लोकांसाठीच्या एका वहीचं भाषांतर करते आहे. रोज रात्री दिवसभरातल्या तीन बऱ्या गोष्टी तिच्यात लिहायच्या. मुखपृष्ठावर मुळात दोनच शब्द आहेत, 'चूज ग्रॅटिट्यूड'. मी 'कृतज्ञता निवडा' लिहिलं आणि तिथेच अडले. निवडणं म्हटलं की मला धान्य दिसतं, नाहीतर उमेदवार. आत एक नमुन्याचं वाक्य आहे, 'आज ऊन पडलं याबद्दल मी कृतज्ञ आहे'. कोणाशी कृतज्ञ? सहकारी म्हणते 'कृतज्ञता बाळगा' लिही. त्यात मला उपदेशाचा सूर येतो, आणि अंथरुणावरच्या माणसाला तो नको.

अनुस्वार: तुमचा कान बरोबर आहे. कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. उलट कृतघ्न, केलेलं मारून टाकणारा. शत्रुघ्नमधला घ्न तोच. म्हणजे आधी कोणीतरी काहीतरी केलेलं हवं. उपकार, ऋण, उतराई, पांग फेडणं, खाल्ल्या मिठाला जागणं, आपले सगळे शब्द दोन माणसांमधले आहेत. ऊन कोणी उपकार म्हणून पाडत नाही.

दीपमाळ: इंग्रजीतही दोन्ही अर्थ एकत्रच नांदतात. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककलो या मानसशास्त्रज्ञांचा २००३ सालचा प्रयोग पाहा. त्यातल्या एका भागात विद्यार्थ्यांच्या एका गटाने १० आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्याबद्दल कृतज्ञ वाटतं अशा ५ पर्यंत गोष्टी लिहिल्या. दुसऱ्याने कटकटी, तिसऱ्याने नुसत्या घडामोडी. पहिल्या गटाला आपल्या एकूण आयुष्याबद्दल जास्त बरं वाटलं. त्यांनी लिहिलेल्या गोष्टींत मित्रांचा उदारपणा होता, तशी 'आज सकाळी जाग आली' हीसुद्धा होती. मित्रांना आभार पोचवता येतात. जाग आल्याचे कोणाला पोचवणार?

पागोळी: माझी आजी रात्री पाय चेपत बसायची आणि अंगठा एकेका पेरावर टेकवत पुटपुटायची. 'दिसतंय. ऐकू येतंय. आज गुडघा कमी दुखला. पोरगी येऊन गेली.' चौथ्या पेरावर अंगठा जरा जास्त वेळ थांबायचा. हे काय करतेस विचारलं तर म्हणायची, 'जमेचं बघते गं. खर्चाचं आपोआप दिसतं.' बोरूताई, 'जमेची बाजू' हा शब्द तयार आहे. त्यात देणारा लागत नाही, आणि दुखणं नाकारावंही लागत नाही.

अनुस्वार: आजींना नमस्कार. पण 'जमा' अरबी आहे. वहीला 'कृतज्ञता'सारखा आपला शब्द असताना हिशेबाच्या चोपडीतला कशाला?

पागोळी: 'हिशेब'ही अरबीच, आणि 'नशीब'ही. आजीच्या तोंडात जन्मभर होते ते. तिच्या तोंडून 'कृतज्ञता' मी एकदाही ऐकली नाही, आणि तिच्याइतकी कृतज्ञ बाई मी पाहिली नाही. शब्द कुठून आला यापेक्षा तो रात्री अंथरुणात सुचतो का, हे मला महत्त्वाचं वाटतं.

उंबरठा: त्याच वहीत 'सकारात्मक' येणारच, तेही बघा. नकाराच्या विरुद्ध मराठीत होकार आहे. व्याकरणात वाक्य होकारार्थी असतं, मग दृष्टीच तेवढी सकारात्मक का? शिवाय ज्यांचा तपासणी अहवाल 'पॉझिटिव्ह' आल्यावर घर हादरलं, त्यांना हा शब्द कसा लागेल?

दीपमाळ: 'होकारात्मक दृष्टी' कोणी म्हणत नाही. 'सकारात्मक' रुळला. रुळलेला शब्द उखडू नये.

उंबरठा: 'उमेद' होता की.

अनुस्वार: फारसी.

बोरू: 'जमेची बाजू' लिहून पाहिलं. आत छान बसतं, पण मुखपृष्ठावर बँकेचं पासबुक वाटेल अशी धास्ती आहे. 'आज काय जमेला?' असं विचारलं तर? शेवटच्या पानावरही अडचण आहे, 'स्वतःला धन्यवाद माना'.

उंबरठा: धन्यवाद मानत नाहीत, देतात. मानतात ते आभार.

पागोळी: आमच्याकडे धन्यवादही मानतात.

अनुस्वार: मानत असतील, तरी चूकच. धन्य असं म्हणणं तो धन्यवाद. म्हणणं मानणार कसं?

पागोळी: 'म्हणणं मानलं' असं आपण रोज म्हणतो!

उंबरठा: तो मानणे वेगळा. तिथे ऐकणं आहे, इथे…