कॅफिन: तुम्हाला काय फायदा झाला, काय त्रास झाला? अनुभव लिहा

मागच्या महिन्यात मी चहा कॉफी दोन्ही एकदम बंद केलं आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी डोकं असं काही ठणकायला लागलं, डोळ्यांच्या मागे, खाली वाकलं की अजून जास्त, मला वाटलं चष्म्याचा नंबरच वाढला. डॉक्टरांकडे गेले तर पहिलाच प्रश्न, रोज किती कप? सात म्हटलं. कॅफिन अचानक तोडलं की १२ ते २४ तासांत डोकं धरतं आणि आठवडाभरही त्रास राहू शकतो, हळूहळू एकेक कप कमी करा म्हणाले. आता दोनवर आलेय. तुमचं पण सांगा, चांगलं वाईट दोन्ही, फक्त किती पिता आणि किती वाजता ते नक्की लिहा.

---

मी बरीच वर्षं रात्रपाळी करतोय, कॉफी नसती तर जमलंच नसतं. पण एक गोष्ट फार उशिरा कळली. आपण जागे असतो तसं मेंदूत अडेनोसिन साठत जातं, त्यानेच झोप येते, आणि कॅफिन नुसतं त्याची जागा अडवून बसतं. थकवा कुठे जात नाही, मागे साठतच राहतो. शिवाय घेतलेल्यातलं निम्मं कॅफिन पाच-सहा तासांनी पण अंगात असतं. मी पहाटे पाचला कॉफी घ्यायचो आणि आठला घरी येऊन पडदे ओढून नुसता कूस बदलत पडायचो, चिडचिड सगळी बायकोवर निघायची. आता शेवटचा कप रात्री एकला, त्यानंतर फक्त पाणी. सकाळी पडल्या पडल्या झोप लागते.

---

माझा अनुभव वेगळाच आहे. मुलगी ३० आठवड्यांची जन्मली. श्वास घेता घेता मधेच थांबायची, मॉनिटर वाजायला लागायचा, नर्सताई तळपायाला हलकेच टिचकी मारायच्या की परत छाती हलायची. मी काचेतून बघत उभी. डॉक्टर म्हणाले कॅफिन सायट्रेट सुरू करतोय, मी हबकलेच, एवढ्याशा जिवाला कॅफिन? पण अपुऱ्या दिवसांच्या बाळांना श्वास थांबू नये म्हणून ते नेहमी देतात, मोजून. हळूहळू तो मॉनिटर वाजायचा कमी झाला. त्यामुळे कॅफिनला कोणी सरसकट विष म्हटलं की मला राहवत नाही. डोस महत्त्वाचा.

---

ताई, वाचून डोळे भरून आले. मी सध्या पाचव्या महिन्यात आहे, मला २०० मिलीग्रॅमच्या आत ठेवायला सांगितलंय. इतर मोठ्या माणसांना ४०० पर्यंत चालतं म्हणे, पण गरोदरपणात कॅफिन शरीरातून फार सावकाश जातं. आणि चॉकलेट, कोला पण त्यातच धरायचं, हे माझ्या लक्षातच नव्हतं.

---

परीक्षेच्या वेळी एनर्जी ड्रिंकचे तीन कॅन एका रात्रीत. छाती धडधड, हात थरथर, पेपरात अक्षर वाचता येईना. परत हात लावला नाही.

---

हिमोग्लोबिन कमी असणाऱ्यांसाठी सांगते, मी लोहाची गोळी चहासोबतच घेत होते, सहा महिने रिपोर्ट जागचा हलेना. यात दोष कॅफिनचा कमी, चहातल्या टॅनिनचा जास्त, ते लोह अंगाला लागू देत नाही. आता गोळी आणि चहा यात दोन तासांचं अंतर ठेवते, पुढची तपासणी या महिन्याच्या शेवटी आहे, आकडा आला की इथे लिहीन.