ज्वारी काढताना सशाची पिल्लं सापडली, घरी आणू का?

मंगळवेढ्याचा_गडी:
परवापासून ज्वारी काढणी चालूय आमची. आज दुपारी बांधाकडंच्या तासाला बायका काढत आल्या आन एकदम थांबल्या, बघतो तर दोन पिल्लं, मुठीत मावतील एवढी. डोळे टक्क उघडे, अंगावर केस, पण जागची हलत नाहीत. मोठा ससा कुठं दिसला नाही, बीळ पण नाही. आई टाकून गेली का? पोरगी मागं लागलीय घरी नेऊ, दूध पाजू. तेवढ्यापुरती चार ताटं उभी ठेवलीत, अंधार पडायच्या आत सांगा कुणीतरी.

कापूसवाला_पुणे:
आमच्याकडे पांढरे ससे आहेत गेली पाच वर्षं. पिल्लं जन्मतात तेव्हा गुलाबी, उघडी, आंधळी असतात आणि डोळे उघडायला दहाएक दिवस जातात. म्हणजे तुमची पंधरा दिवसांची तरी असणार, न्या बिनधास्त, पालक खातील.

माळावरची_ताई:
कापूसवाले दादा, थांबा, इथंच गडबड होते सगळ्यांची. तुमचा पांढरा ससा मूळचा युरोपातला, बिळात राहणारा. आपला रानससा ती जातच नाही, म्हणजे लांबचा भाऊबंद म्हणा फार तर. हा बीळ खणत नाही, गवतात नाहीतर पिकात अंगाच्या मापाची खोलगट जागा करून दिवसभर तिथंच दबून बसतो, आणि उघड्यावर जन्मायचं म्हणून पिल्लं जन्मतःच केसाळ, डोळे उघडे, त्यामुळं ही दोन दिवसांची पण असू शकतात. पोटात पण जास्त दिवस राहतात, घरच्या सशाची महिनाभरात होतात, युरोपातल्या रानसशाला (हा बिळात राहणारा नव्हे, आपल्या रानसशाचा जवळचा भाऊबंद) साधारण 42 दिवस लागतात.

आणि गडीभाऊ, आई टाकून गेलेली नाही. ती मुद्दाम लांब राहते, तिच्या वासावर कोल्हा-कुत्रं पिल्लांपर्यंत येऊ नये म्हणून. अंधार पडला की येते, पाचेक मिनिटं पाजते, निघून जाते. गाईचं दूध अजिबात नको, पोट फुगून हगवण लागते आणि जातात. शिवाय रानससा पकडणं, पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही.

बॅटरीवाला:
रात्री बॅटरी मारली की हाच का तो जागेवर थिजतो? मानेमागं काळा डाग असलेला?

माळावरची_ताई:
हो तोच, आपल्याकडचा काळमान्या. थिजतो म्हणूनच तर रस्त्यावर गाडीखाली मरतात ना. दिवसा पण पाय पडायची वेळ येईस्तोवर उठत नाही, उठला की मग वाकडातिकडा असा पळतो की कुत्र्याला वळता वळत नाही. आणि बॅटरी घेऊन रात्री फिरायचं कारण काय ते मी विचारत नाही.

बॅटरीवाला:
पाणी सोडायला जातो हो ताई, लाइट रात्रीचीच असते 😅

मंगळवेढ्याचा_गडी:
ताटं तशीच ठेवली, कुत्री बांधून टाकली. पोरगी रुसून बसलीय. सकाळी गेलो तर एकच पिल्लू जागेवर, म्हटलं दुसरं गेलं. मग दिसलं, आठ-दहा पावलांवर कडब्याच्या पेंढीखाली दबलेलं. कोणी हलवलं असेल?

माळावरची_ताई:
कोणी नाही, आपणच पांगतात ती, एकावर घाला पडला तर दुसरं वाचावं म्हणून. पाजायच्या वेळेला परत एकत्र येतात. ती पेंढी मात्र आज उचलू नका.