मदत हवी आहे : लॅपटॉपचे स्पीकर मुके, फक्त 'डमी आउटपुट'

नमस्कार मंडळी, मी रावेरचा. भाचीच्या बारावीच्या ऑनलाइन तासांसाठी सेकंडहँड लॅपटॉप घेऊन उबंटू २४.०४ (लिनक्स) टाकलं. अकराव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आहे. ब्लूटूथवर आवाज खणखणीत, पण आतले स्पीकर मुके. सेटिंग्जमध्ये नुसतं 'डमी आउटपुट', म्हणजे खरं साउंड कार्ड न सापडल्यावर दिसणारं नकली नाव. अल्सामिक्सरमध्ये (टर्मिनलमधून आवाज जुळवायचा प्रोग्राम) कार्ड निवडायला एफ ६ दाबलं तर साउंड कार्डच दिसत नाही. डीमेसेजमध्ये (dmesg, सिस्टिमच्या नोंदी) मात्र 'सोफ' (SOF, साउंड चिप चालवणारं) फर्मवेअर सापडत नसल्याची लाल ओळ येते.

आता 'फर्मवेअर-सोफ-साइन्ड' पॅकेज पुन्हा टाकू, की 'डीएसपी_ड्रायव्हर=१' (dsp_driver=1, सोफऐवजी जुना साउंड ड्रायव्हर वापरायची सेटिंग) करू? दुसऱ्या उपायाने आतला माइक जातो म्हणतात, आणि पोरीला सरांना शंका विचारायला तोच लागतो. केळीची गाडी भरून झाल्यावर रात्रीच बसता येतं, तेव्हा कमांड क्रमाने सांगा भाऊ.