तारण (पापापासून सुटका) मिळाल्यावर ते जाऊ शकतं का? इब्री ६ शिकवायचंय, मदत हवी

नवापूरकर
सर्वांना सलाम. पुढच्या रविवारी आमच्या तरुण संघात बायबलमधल्या इब्री लोकांस पत्रातलं ६:४-६ आहे: पवित्र आत्म्याचे भागीदार होऊन मग जे पडले, त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य. अर्धी पोरं योहान १०:२८ (माझ्या हातातून त्यांना कोणी हिसकावणार नाही) दाखवून म्हणतात, एकदा तारण झालं की झालं. बाकीची विचारतात, बाप्तिस्मा घेतलेला माणूस पोर तापलं म्हणून भगताकडे गेला, त्याचं काय? हातात एक तास आहे. कुठून सुरुवात करू?

तापीकाठ
सलाम. सहाव्या वचनावर थांबू नका, नववं वाचूनच उठा. इतका कडक इशारा दिल्यावर लेखक लगेच म्हणतो की तुमच्याबद्दल आमची याहून चांगली खात्री आहे. निम्मी भांडणं ते वचन न वाचल्यामुळे होतात.

मग याच पत्रातलं १०:२९ आणि १०:३२-३४ घ्या. ज्यांना पत्र लिहिलं त्यांची मालमत्ता लुटली गेली होती, ख्रिस्ताला सोडलं की छळ थांबणार होता. तिथलं पाप म्हणजे देवाच्या पुत्राला जाणूनबुजून पायदळी तुडवणं. पोर फणफणलंय म्हणून घाबरून भगताकडे जाणं हे पापच, पण ते गलतीकर ६:१ चं (चुकलेल्याला सौम्यतेने सावरा) प्रकरण, इब्री ६ चं नव्हे. पेत्राने येशूला तीनदा नाकारलं, तरी योहान २१ मध्ये येशूने आपली मेंढरं त्याच्याच हाती दिली.

खरा मतभेद पुढे आहे. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन याच्या परंपरेतले लोक (खरं तारण जात नाही असं मानणारे) १ योहान २:१९ दाखवतात: जे निघून गेले ते मुळात आपले नव्हतेच. नेदरलँड्समधली डॉर्टची सभा (१६१८-१९) आणि वेस्टमिन्स्टर विश्वासकबुलीचा १७ वा अध्याय याच बाजूचे. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या वेस्लीकडचे (तारण गमावता येतं म्हणणारे) विचारतात, इब्री ६:४ मधले लोक पवित्र आत्म्याचे भागीदार झाले होते, ते ‘मुळात आपले नव्हते’ कसे? योहान १५:६ मधला फाटाही वेलातलाच होता. हा प्रश्न सहज उडवून लावता येत नाही.

पण योहान १०:२८ बद्दल ‘दुसरा कोणी हिसकावणार नाही, आपण स्वतः निघून जाऊ शकतो’ हे उत्तर मला अपुरं वाटतं. त्याच वचनात त्यांचा कधीही नाश होणार नाही असंही आहे, आणि तिथे ‘दुसऱ्याकडून’ अशी अट नाही.

धुळ्याचा वाचक
वरचं पटलं, एक भर. ज्या आर्मिनियन गटाविरुद्ध (डच धर्मशिक्षक आर्मिनियसचे अनुयायी) डॉर्टची सभा भरली, त्यांनीच १६१० च्या पाचव्या कलमात तारण गमावता येतं का हे पक्कं ठरवलं नव्हतं. शास्त्रातून आणखी तपासायला हवं, इतकंच लिहिलं. लूथरन मंडळ्यांच्या ऑग्सबर्ग कबुलीत (१५३०, कलम १२) मात्र नीतिमान ठरलेला माणूस पवित्र आत्मा गमावू शकतो असंच धरलंय. कॅथलिक शिकवण (ट्रेंटची धर्मसभा, १५४७) सांगते की घोर पापाने कृपा जाते आणि पापनिवेदन संस्काराने परत मिळते. मुक्ती फौजेची (साल्व्हेशन आर्मी) नववी शिकवणही आज्ञाधारक विश्वासात टिकून राहण्याची अट घालते. सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) तर १९७० मध्ये नागपुरात सहा वेगवेगळ्या परंपरा एकत्र येऊन झालेली. एकाच गावात दोन पाळक दोन उत्तरं देतात ते यामुळे. पोरं कुठून काय ऐकून आलीत हे आधी विचारून घ्या.

नवापूरकर
आभारी आहे. आणखी एक: दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातला गेलेले पाच-सहा महिने उपासनेला नसतात. त्यांना ‘पडलेले’ म्हणायचं का?

तापीकाठ
अजिबात नाही. हजेरीवही आणि धर्मत्याग यांचा संबंध जोडू नका. इब्री १०:२५ संगती टाकून देण्याबद्दल आहे, पोटासाठी गावाबाहेर राहण्याबद्दल नाही. फडावर रविवारी चार कुटुंबं एकत्र बसून प्रार्थना करत असतील तर तीही संगतीच.

खरोखर कोणी विश्वास सोडला असं वाटलं तर मत्तय १८:१५-१७ चा क्रम पाळा. आधी एकट्याने भेटायचं, मग एक-दोघांना घेऊन, आणि शेवटी मंडळीसमोर. आपल्याकडे बरेचदा तिसरी पायरी पहिली होते आणि माणूस कायमचा तुटतो.

आणि परत आला तर पुन्हा बाप्तिस्मा देऊ नका. तारण गमावता येतं असं मानणाऱ्या जुन्या मंडळ्याही तो देत नाहीत. पश्चात्ताप, पाळकासोबत प्रार्थना आणि मग प्रभुभोजन, एवढं पुरे.