मदत हवी आहे: डॅलसला बर्फाचं वादळ येतंय, घरात सासू-सासरे आहेत. पाणी, वीज, विमान... आधी काय सांभाळू?

निफाडची_सून (बुधवार, दुपार)

नमस्कार मंडळी,

आम्ही डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोजवळ राहतो. भाड्याचं एकमजली घर. आधी कॅलिफोर्नियात होतो, त्यामुळे टेक्ससचा हिवाळा पहिलाच. आत्ता बाहेर ६८ फॅरेनहाइट आहे, शेजारची पोरं हाफ पँटमध्ये सायकली पिटाळतायत, आणि फोन मात्र सकाळपासून कोकलतोय. शुक्रवारी संध्याकाळपासून विंटर स्टॉर्म वॉर्निंग: आधी पाऊस, मग गोठणारा पाऊस, शनिवारी बर्फाचे कण. त्यामागून एक्स्ट्रीम कोल्ड वॉर्निंग. रविवार-सोमवार पहाटे ८ ते १० फॅरेनहाइट, म्हणजे उणे १२-१३ सेल्सियस. मंगळवार दुपारपर्यंत पारा शून्याच्या वर येणारच नाही म्हणतात.

सासू-सासरे निफाडहून आलेत. शनिवारी संध्याकाळी त्यांचं दोहामार्गे मुंबईचं विमान आहे. सासऱ्यांना बीपी आहे आणि गोळ्या प्रवासाच्या हिशोबाने आणल्यात, दोन-तीन दिवस वर पुरतील एवढ्याच.

अण्णांचं म्हणणं, "थंडी मला शिकवू नका." निफाडला पारा चार-पाचवर उतरला की ते रात्रभर द्राक्षबागेत शेकोट्या घालत फिरलेले आहेत. आईंची तयारी वेगळीच. वीज गेली तर अंगणातली बार्बेक्यूची शेगडी हॉलमध्ये आणू, सगळे एका खोलीत झोपू, गावी असंच करायचो. माझ्या पोटात गोळा आला आहे, पण नक्की कशाला घाबरायचं तेच कळत नाही. दुकानात गेले तर ब्रेड आणि दूध गायब!

माझे प्रश्न: नळ गोठतात म्हणजे नेमकं काय होतं आणि काय करायचं? विमानाचं काय करू? वीज गेली तर घर कसं गरम ठेवायचं? घरात गॅसचा हीटर आहे, गॅसचीच शेगडी आहे, गरम पाण्याची टाकी माळ्यावर आहे. आणि तुळशीची कुंडी अंगणात आहे, ती आत आणायची ना?

शिकागोचा_शिंदे

ताई, हलके घ्या, पण ८ फॅरेनहाइटला धागा? २०१९च्या जानेवारीत आमच्याकडे ओहेअर विमानतळावर उणे २३ फॅरेनहाइट झालं होतं. तरी सकाळी कुत्र्याला फिरवून आणलं. थर्मल घाला, आल्याचा चहा घ्या, मजा करा.

प्लेनोकर

शिंदेसाहेब, तुमच्याकडे पाण्याची मुख्य लाइन जमिनीत कितीतरी खोल पुरलेली असते, घरातले पाइप तळघरात असतात आणि भिंतींत भरपूर इन्सुलेशन. इकडे पाइप माळ्यावरून आणि बाहेरच्या भिंतींतून फिरवलेत, कारण बांधणाऱ्याच्या डोक्यात फक्त ऑगस्टचं ऊन होतं. वीस फॅरेनहाइटच्या खाली पारा उतरला की इथली घरं कुरकुरायला लागतात.

मी २०२१च्या फेब्रुवारीत इथेच होतो. १६ तारखेला डॅलसच्या डीएफडब्ल्यू विमानतळावर उणे २ फॅरेनहाइट, म्हणजे उणे १९ सेल्सियस. १९४९ नंतर एवढं खाली कधी गेलं नव्हतं. राज्यभरात जवळपास ४५ लाख घरं-दुकानं अंधारात होती. टेक्ससची ग्रिड (विजेचं जाळं) बाकी अमेरिकेपासून जवळजवळ सुटी आहे, त्यामुळे शेजारच्या राज्यांकडून पुरेशी वीज ओढता आली नाही. गॅसच्या विहिरी आणि पाइपलाइनी गोठल्या, गॅस नाही म्हणून वीजकेंद्रं बंद, आणि वीज नाही म्हणून गॅसचे पंप बंद. ग्रिड पूर्ण कोसळायला साडेचार मिनिटांच्या आसपास उरली होती, हे नंतर कळलं. आता केंद्रांना थंडीची तयारी कायद्याने सक्तीची केली आहे, तेव्हा तसंच होईल असं म्हणत नाही. पण गोठणाऱ्या पावसात तारांवर बर्फ चढतो, फांद्या मोडून तारांवर पडतात आणि तुमच्या गल्लीपुरती वीज जाते. त्याला ग्रिड कितीही चांगली असली तरी इलाज नाही.

ताई, आज एकच काम करा. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह शोधा. बहुतेक घरांत तो रस्त्याकडेच्या हिरवळीत, मीटरच्या झाकणाखाली किंवा त्याला लागून असतो. झाकण उघडून बघा, आतला चिखल काढा, फिरवायची किल्ली हार्डवेअरच्या दुकानातून आणा. घरमालकालाही विचारून ठेवा. पाइप फुटला तर अंधारात, घसरत्या बर्फावर तो शोधायची वेळ येऊ नये.

पाइपवाला_पाटील

प्लंबिंग माझा धंदा नाही, पण स्वतःचं छत एकदा फुटलेल्या पाइपने खाली आलेलं पाहिलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. बर्फाची गुडदी पाइपात बसली आणि पुढचा नळ बंद असला की मधल्या पाण्याला जायला जागा राहत नाही. दाब वाढत जातो आणि पाइप भलतीकडेच फुटतो. फुटल्याचं लगेच कळतही नाही. बर्फ वितळला की मग छतातून धार लागते. म्हणून नळ थेंबथेंब सोडायचा. त्याने दाबाला वाट राहते आणि थोडं पाणी हलत राहतं.

बाहेरच्या भिंतीला लागून असलेले नळ सोडा, स्वयंपाकघर आणि बाथरूम. गरम आणि थंड दोन्ही बाजू थोड्या थोड्या. सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवा म्हणजे खोलीतली ऊब पाइपापर्यंत जाईल. पोरं लहान असतील तर तिथल्या साबणाच्या बाटल्या आधी हलवा. बाहेरच्या नळांचे होज (रबरी पाइप) काढून टाका. हे बरेच जण विसरतात आणि होजमधलं पाणी गोठून नळच भिंतीच्या आत फोडतं. वर फोमची टोपी लावा. टोप्या संपल्या असतील (संपल्याच असणार) तर जुना टॉवेल गुंडाळा, वर प्लास्टिकची पिशवी, चिकटपट्टी. स्प्रिंकलरचं पाणी बंद. रात्री थर्मोस्टॅट खाली आणू नका, ६८वर राहू द्या. वीजबिलाचं नंतर बघू.

आणि वीज जाऊन घर थंड पडायला लागलं तर नळ ठिबकवत बसू नका. मुख्य व्हॉल्व्ह बंद करून सगळे नळ उघडा, पाइप रिकामे करा, गरम पाण्याच्या टाकीचा गॅस पायलटवर (नुसत्या छोट्या ज्योतीवर) आणा. टाकीऐवजी भिंतीवरचा छोटा टँकलेस हीटर ज्यांच्याकडे आहे त्यांनी लक्षात ठेवा, त्याचं गोठण्यापासूनचं संरक्षण विजेवर चालतं. वीज गेली की त्यातलं पाणी काढावं लागतं.

टब आणि पातेली शुक्रवारी दुपारीच भरून ठेवा. २०२१ मध्ये दाब गेल्यामुळे राज्यात कोटभराहून जास्त लोकांना पाणी उकळून प्यायला सांगितलं होतं.

गुळपोळी

तुळस आजच आत आणा, कढीपत्ताही! उणे १२ मध्ये एका रात्रीत काळी पडेल. गॅरेजमध्ये नको, खिडकीजवळ ठेवा.

ऋतुचक्र

अवांतर, पण कुणीतरी विचारणारच म्हणून: कॅनडापासून टेक्ससपर्यंत आडवा डोंगर नाही. आर्क्टिकची जड हवा मैदानावरून सरळ खाली घरंगळते. ही थंड हवा जमिनीलगत पातळ थरात पसरते आणि मेक्सिकोच्या आखाताकडून येणारी दमट, उबदार हवा तिच्यावर चढते. वर पाऊस पडतो, खाली येताना शेवटच्या काही शे मीटरांत शून्याखालच्या हवेत शिरतो आणि जिथे टेकेल तिथे काचेसारखा गोठतो. म्हणून इथे शुभ्र बर्फापेक्षा ही पारदर्शक साय जास्त वाईट. पूल आधी गोठतात, खालूनही वारा लागतो ना. २०२१च्या फेब्रुवारीतच फोर्ट वर्थला आय-३५ वर शंभराहून जास्त गाड्या एकमेकींवर आदळल्या, सहा माणसं गेली. त्या वेळी बर्फ पडलाही नव्हता फारसा, नुसती गोठणारी भुरभुर होती.

डॉ_वहिनी

निफाडची सून, तुमच्या सासूबाईंची शेगडी. बाकी सगळं नंतर, हे आधी.

गावच्या घराला कौलं असतात, दाराखाली फट असते, धूर आणि वायू कुठून तरी निघून जातो. तुमचं घर हवाबंद आहे. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते, आणि माणूस खरंच झोपतो. २०२१च्या वादळात टेक्ससमध्ये सरकारी मोजणीने २४६ मृत्यू झाले. त्यात बहुतेक थंडीने गेले, पण काही जण याच वायूने गेले. कुणी गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून बसलं होतं, कुणी घरात कोळसा पेटवला होता. गॅरेजचं दार उघडं असलं तरी गाडी तिथे चालू ठेवायची नाही. जनरेटर घरापासून वीस फुटांवर. गॅसची शेगडी काडीने पेटवून भात-पिठलं करा, पण ती पेटती ठेवून खोली गरम करायची नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का बघा, बटण दाबून वाजतो का ते बघा, सेल बदला.

आईंना "इथे चालत नाही" एवढंच सांगितलंत तर त्या ऐकणार नाहीत, माझ्याही सासूबाई ऐकत नसत. वायूचं नीट समजावून सांगा, पटतं.

सासऱ्यांच्या गोळ्या: भारतातल्या डॉक्टरांची चिठ्ठी इथल्या फार्मसीत चालत नाही. उद्याच वॉक-इन क्लिनिकला घेऊन जा, चिठ्ठी आणि गोळ्यांची पट्टी दोन्ही न्या. बीपीच्या नेहमीच्या गोळ्या इन्शुरन्सशिवायही परवडतात. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, बीपी चढतं, तेव्हा गोळी चुकवायची नाही. पहाटेची आंघोळ दुपारी. आणि त्यांना बाहेर चालायला पाठवू नका. या वयात घसरून खुब्याचं हाड मोडण्याची भीती जास्त.

प्लेनोकर

डॉक्टर वहिनींना +१. गॅसच्या हीटरबद्दल: भट्टी गॅसवर चालली तरी हवा ढकलणारा पंखा विजेवर असतो. वीज गेली की तोही गप्प. मग एकच खोली निवडायची, खिडक्यांना ब्लँकेटं, दाराखाली टॉवेल, सगळे तिथेच. विजेचा छोटा हीटर वापरलात तर थेट भिंतीच्या प्लगमध्ये, एक्स्टेन्शन कॉर्डवर नाही. फोन आणि पॉवरबँक शुक्रवारी भरून ठेवा. शहराची वॉर्मिंग सेंटर्स कुठे उघडणार ते आत्ताच टिपून घ्या, आणि ज्यांच्याकडे वीज असेल असा एखादा मित्र चालत जाण्याच्या अंतरावर आहे का तेही.

विमान: शनिवारी संध्याकाळचं धरू नका. वादळ येणार असलं की विमान कंपन्या बहुतेक वेळा तारीख फुकट बदलून देतात, पण तुम्ही आधी मागितली तर. विमान सुटलं तरी घर ते विमानतळ हा रस्ता, त्यात सत्तरीच्या माणसांना घेऊन? एक तर उद्या पाठवा, नाहीतर पुढच्या बुधवारनंतर.

निफाडची_सून (गुरुवार, रात्र)

सगळ्यांचे मनापासून आभार. उद्याची जागा मिळाली नाही, पुढच्या गुरुवारची मिळाली, जास्तीचे पैसे लागले नाहीत. गोळ्या आणल्या. व्हॉल्व्ह सापडला, त्यावर मुंग्यांचं वारूळ होतं!

आईंना वायूचं सांगितल्यावर त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, गावात एक बाळंतीण अशीच गेली होती, तेव्हा लोक बाहेरचं लागलं म्हणाले. शेगडी त्यांनी स्वतः गॅरेजच्या मागे ढकलली. नळ ठिबकवायचं मात्र अण्णांना एका वाक्यात पटलं. थंडीत पहाटे बागेला ठिबकने पाणी सोडतातच ते, म्हणजे जमीन गार पडत नाही. आता घरातले सगळे नळ त्यांच्या ताब्यात आहेत, धार किती असावी यावर कुणाचं ऐकत नाहीत.

निफाडची_सून (मंगळवार, सकाळ)

वीज रविवारी पहाटे गेली, दुपारी आली. सगळे एका खोलीत होतो, बरे आहोत. एक अडचण: पाहुण्यांच्या बाथरूममध्ये गरम पाणी येतंय, थंड नळाला थेंब नाही. बाकी सगळीकडे पाणी आहे. अण्णा उकळतं पाणी ओतू म्हणतायत.

पाइपवाला_पाटील

उकळतं नको, आणि आगीचा बर्नर तर मुळीच नको. आधी एका माणसाला मुख्य व्हॉल्व्हपाशी उभं करा. मग तो थंड नळ उघडा ठेवा, म्हणजे वितळलेल्या पाण्याला वाट मिळेल. सिंकखालच्या पाइपाला केस वाळवायचा ड्रायर लावा, नळाच्या बाजूने सुरुवात करून भिंतीकडे सरका. पायाखाली पाणी असेल तर ड्रायर वापरू नका, गरम पाण्यात पिळलेले टॉवेल गुंडाळा. भिंतीच्या आत गोठलं असेल तर वेळ लागेल, खोली तापू द्या. धार सुरू झाली की घरातले सगळे नळ बंद करून मीटरचं झाकण उघडा. त्यावर छोटा त्रिकोण किंवा चाक असतं. काहीही चालू नसताना ते फिरत असेल तर कुठेतरी फुटलंय, लगेच मुख्य व्हॉल्व्ह बंद करून घरमालकाला फोन.

निफाडची_सून

पाऊण तास ड्रायर धरला, आधी फसफसलं, मग आलं पाणी. त्रिकोण स्थिर आहे. अण्णा दोनदा जाऊन बघून आले. संध्याकाळी पुन्हा एकदा बघते आणि माळ्यावर टॉर्च मारून घेते, छतावर डाग दिसला तर इथेच फोटो टाकीन.