ट्रॅफिकमध्ये उभी राहिली की गाडी तापते, चालती झाली की काटा खाली येतो. इंजिनचं हेड उतरवायचं का?

घोडबंदरकर:
मंडळी, जरा मार्गदर्शन हवंय. पेट्रोल हॅचबॅक आहे, २०१३ ची, ९० हजाराच्या आसपास चाललीये. कासारवडवलीहून वागळे इस्टेटला ऑफिस. गेल्या महिन्यापासून मानपाडा ते कापूरबावडी ट्रॅफिकमध्ये अडकलो की टेम्परेचरचा काटा अर्ध्यावरून वर सरकायला लागतो आणि सिग्नलला जरा जास्त थांबलं की पार लालच्या जवळ. पुढे रस्ता मोकळा मिळाला, गाडी ४०-५० ने पळायला लागली की आपोआप खाली. ईस्टर्न एक्सप्रेसवर ८० ने नेली तरी काटा हलत नाही. कूलंटच्या बाटलीत लेव्हल बरोबर आहे, पार्किंगमध्ये खाली ठिपके पण नाहीत. गॅरेजवाल्याने बोनेट उघडून नुसतं वरवर बघितलं आणि म्हणाला हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलंय, हेड उतरवावं लागेल, २०-२२ हजार धरून चला. दुसरा म्हणतो थर्मोस्टॅट (कूलंटची रेडिएटरकडे जायची वाट उघडणारा वाल्व्ह) काढून टाकू, आपल्याकडच्या हवेत लागतच नाही. वडिलांना दवाखान्यात न्यायला हीच गाडी लागते त्यामुळे रस्त्यात बंद पडायला नकोय. काय करू?

कळव्याचा गाडीवाला:
दादा थांबा, हेडला हात लावू देऊ नका अजून. तुम्हीच लिहिलंय की उभी असताना तापते आणि चालताना उतरते, यातच अर्धं उत्तर आहे. गाडी पळत असते तेव्हा समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड करतो, उभी असली की ते काम एकट्या फॅनचं. फॅन बंद किंवा हळू फिरत असेल तर नेमकं हेच होणार. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असता किंवा रेडिएटर आतून चोक असता तर हायवेवर आणि घाटात आधी तापली असती.

आता एक सांगा, ट्रॅफिकमध्ये एसी पण कमी थंड मारतो का? उभ्या गाडीत त्यालाही तोच फॅन लागतो. आणि इंजिन चालू ठेवून एसी लावा, बोनेट उघडून बघा. बहुतेक गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर लागला की फॅन लगेच फिरला पाहिजे. लांबूनच बघा, ओढणी, मफलर, सैल बाही काही लटकत नको. आणि गरम गाडीचा फॅन इग्निशन बंद असताना पण अचानक सुरू होऊ शकतो, तेव्हा हात घालू नका.

ऐरोली ऑटो इलेक्ट्रिक:
वरच्या भाऊंनी बरोबर सांगितलंय. फॅन फिरला नाही तर थेट नवीन मोटर घेऊ नका. आधी फ्यूज बघा, मग रिले (फॅनला करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच). हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर अदलाबदल करून बघा, खर्च शून्य. मग फॅनचा कनेक्टर काढून मोटरला बॅटरीवरून डायरेक्ट १२ व्होल्ट द्या. फिरली तर मोटर चांगली, दोष वायरिंग, रिले किंवा टेम्परेचर सेन्सरकडे. नाही फिरली तर मोटर गेली. काही गाड्यांत फॅनला दोन स्पीड असतात आणि हळू स्पीडचा रेझिस्टर जळतो, मग फॅन एकदम जास्त तापल्यावरच फुल स्पीडने लागतो आणि लोकांना वाटतं फॅन तर चालतोय.

पावसाळ्यात पाण्यातून गाडी काढली होती का? आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी मोटरी त्यानंतरच जाम झालेल्या असतात.

नेरूळची रेश्मा:
थर्मोस्टॅट काढण्याबद्दल बोलते कारण हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो चुकीचा आहे. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ डिग्रीला उघडतो, म्हणजे इंजिन लवकर गरम होऊन त्याच तापमानावर राहावं यासाठी तो आहे. काढला की मोकळ्या रस्त्यावर इंजिन थंडच राहतं, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल जास्त सोडत राहतो, अ‍ॅव्हरेज पडतं. आणि काही इंजिनांत तर तो काढल्यावर बायपासची वाट उघडीच राहते, गरम पाणी रेडिएटरला न जाताच परत इंजिनात फिरतं. खराब असेल तर नवीन बसवा, काढून ठेवू नका.

हेड गॅस्केटचं म्हणाल तर त्याला पुरावा लागतो. कूलंट गळती न दिसता कमी होतंय का, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे, सायलेन्सरमधून गरम गाडीतही पांढरा धूर, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकट थर, यातलं काही आहे का? गॅस्केट उडालं असं नुसतं बघून कोणी सांगू शकत नाही, कूलंटमध्ये एक्झॉस्ट गॅस येतोय का याची टेस्ट होते, ती करून मागा.

घोडबंदरकर:
खूप खूप आभार सगळ्यांचे. एसी लावला, फॅन हललाच नाही. आणि हो, ट्रॅफिकमध्ये एसी गरमच मारायचा, मी गॅस कमी झाला असेल समजत होतो. फ्यूज ठीक, हॉर्नचा रिले लावून पण काही नाही. इलेक्ट्रिशियनने डायरेक्ट दिलं तरी गप्प, मग मोटरच्या मागे पान्याच्या दांड्याने हलकेच ठोकलं तर घरघर करत फिरली आणि बंद केल्यावर परत सुरूच होईना. म्हणाला ब्रश (मोटरच्या आत करंट पोचवणारे कार्बनचे तुकडे) संपलेत. कनेक्टरचं प्लास्टिक एका पिनेपाशी तपकिरी होऊन वितळलंय. दुधाळ थर, धूर, बुडबुडे काहीच नाही. मोटर उद्या बदलतोय. अजून काय बघून घेऊ?

ऐरोली ऑटो इलेक्ट्रिक:
तो कनेक्टर पण बदला, तसाच ठेवलात तर नवी मोटर करंट ओढून परत तीच पिन जाळेल. बसवल्यावर फॅनची दिशा तपासा, वायर उलट लागली तर फॅन हवा पुढे फेकतो आणि उभी गाडी तशीच तापत राहते. पुढच्या जाळीसमोर कागद धरा, आत ओढला गेला पाहिजे. फॅनभोवतीचं प्लास्टिकचं कव्हर नीट परत लावून घ्या, घाईत बरेच जण अर्धे स्क्रू सोडतात, मग हवा रेडिएटरमधून न येता बाजूने येते.

कळव्याचा गाडीवाला:
फॅन उतरवलाच आहे तर कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढे असलेली एसीची जाळी) आणि रेडिएटरच्या मधली फट टॉर्च मारून बघा. मेट्रोच्या कामाने घोडबंदरला इतकी वर्षं जी धूळ उडतेय ती तिथेच जाऊन बसते, सुकी पानं आणि कापसासारखं काहीतरी मिळून चक्क गोधडी तयार होते. साध्या पाइपने इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने धुवा, वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन जवळून मारू नका, फिन्स म्हणजे जाळीचे पातळ पत्रे वाकतात. रेडिएटर कॅपचं रबर चिरलं असेल तर ती पण बदला, प्रेशर धरलं तरच कूलंट १०० च्या वर जाऊन पण उकळत नाही. आणि कॅप गाडी पूर्ण गार झाल्यावरच उघडायची, गरम असताना उघडली तर तोंडावर उकळतं पाणी येतं. बोअरचं पाणी टाकू नका, तयार कूलंट टाका, नाहीतर कॉन्सन्ट्रेट कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून.

नेरूळची रेश्मा:
उद्या गॅरेजपर्यंत जाताना काटा चढायला लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर फुल, काचा खाली. थोडी उष्णता केबिनमध्ये ओढली जाते. तरी लालला गेला तर बाजूला घेऊन बंदच करा, वरून थंड पाणी ओतू नका. काम झालं की एसी बंद ठेवून उभ्या उभ्या १५-२० मिनिटं चालू ठेवा, फॅन स्वतःहून लागून परत बंद होतोय का बघा, एसीवर चालतो म्हणजे सेन्सरवर पण चालेलच असं नाही. तरीही तापली तर न्यूट्रलमध्ये २००० आरपीएमला धरा, काटा उतरला तर मग वॉटर पंप किंवा आत अडकलेली हवा बघायला लागेल.